मायच्या दाढेचा विमा

माझ्या मायच्या उजव्या बाजूच्या दाढा कधीच्याच गेल्या होत्या. दुखली की काढून टाकायची, ही आमच्या कुरुंदा गावाकडची सरसकट रीत. डावीकडच्या तेवढ्या उरल्या होत्या आणि सगळी भाकरी त्यांच्याच जिवावर चालायची. त्यातली मधली दाढ फुटाणे खाताना अर्धी तुटली. "चणे हायत तर दात न्हाईत," म्हणून माय हसली. मला काही हसू आलं नाही. ही बाजू गेली की तिच्या नशिबी दुधात कुस्करलेला काला. जन्मभर हळदीच्या रानात राबून कडक भाकरी खाल्लेल्या बाईला मी काला खाऊ देणार नव्हते.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी कळमनुरीला शाळेत शिकवत होते. दाढेच्या मुळाचं काम करून वर कॅप बसवायची तर माझा पगार पुरत नव्हता, आणि शेजारच्या दाढाही चिरलेल्याच होत्या. म्हणून मी विम्याच्या मागे लागले. नात्यातले एक भाऊजी एजंट होते. ते छातीठोकपणे म्हणाले, "दातांचं सगळं कव्हर आहे." मी कागद मागवला आणि बारीक अक्षरंही वाचली. अपघात होऊन दवाखान्यात भरती झालं तरच दातांचा खर्च मिळणार होता. मी विचारलं, "म्हणजे कॅपसाठी मायला आधी मोटारसायकलवरून पाडू का?" भाऊजी चहा अर्धा टाकून उठले. दुसऱ्या एका पॉलिसीत दात साफ करणं फुकट, सिमेंट भरणं फुकट, पण कॅपचं नाव नाही. स्वस्त कामाला मोठ्या मनाची आणि महागड्या कामाला मुकी, असली पॉलिसी मला नको होती.

शेवटी शिक्षकांच्या पतसंस्थेमार्फत एक योजना सापडली. तिच्यात आईवडिलांना घेता येत होतं, आणि वर्षभर थांबलं की कॅपचा अर्धा खर्च मिळणार होता. फक्त सुरुवातीला कंपनीनं नेमलेल्या डॉक्टरकडून तोंड तपासून घ्यायचं. त्या दिवशी जे दात तोंडात असतील त्यांचाच विमा. तुटका असला तरी चालेल, पण जागेवर हवा. मायला मी एवढंच सांगितलं, "नांदेडला डॉक्टरीण तुझं तोंड बघणार आहे, मग विमा मिळेल."

नांदेडला डॉक्टरीणबाईंनी मायच्या तोंडात बॅटरी धरली आणि विचारलं, "आजी, ही दाढ कधी काढली?"

"परवा. बाजारातल्या दात काढणाऱ्याकून," माय खुशीत म्हणाली.

मी खुर्चीवरून उठलेच. मूळ चांगलं असावं, कॅप बसली असती, असं बाई म्हणाल्या आणि कागदावरच्या त्या जागेवर त्यांनी फुली मारली. मायनं ती फुली पाहिली. तिनं पदराची गाठ सोडली, आतली अर्धी दाढ काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हाय की. ही बी धरा." बाईंनी नकारार्थी मान हलवली.

बाहेर आल्यावर मी ओरडले, "माय, काहून केलंस असं? दाढ होती म्हणून तर विमा होता!"

माय गोंधळून म्हणाली, "तुजे बाबा बाजारात बैल इकायला न्यायचे, तवा गिऱ्हाईक आदी जबडा उघडून बघायचं. एक दात खराब दिसला की माघारी जायचं. मला वाटलं, माज्या किडक्या दाढेपायी तुला न्हाई म्हनतील. म्हनून तोंड साफ करून आले."

मला फार वाईट वाटलं. जिला वाचवायला मी एवढी वणवण केली, ती दाढ तिनं माझा सौदा मोडू नये म्हणून उपटून टाकली होती. पण रडत बसण्यात अर्थ नव्हता. मी परत आत गेले. बाईंनी सांगितलं की बाजूच्या दोन्ही दाढांना कॅपा लागतीलच, आणि त्यांच्या आधारानं मधे खोटी दाढ बसवता येईल. त्या दोन्ही तोंडात होत्या, कागदावरही होत्या. मी सही केली.

पुढचं वर्षभर त्या दोन दाढा जपायच्या होत्या. मायनं मिसरीची डबी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर फेकली. सुपारी सुटली. मी रविवारी गावी गेले की चपला काढायच्या आत ती आ करून दाखवायची, "बघ, दोगी बी हायत." वर्ष सरल्यावर कंपनीनं कागदांसाठी खेटे घालायला लावले. मी प्रत्येक खेप घातली आणि दोन कॅपांचा अर्धा खर्च घेऊनच थांबले. मधल्या खोट्या दाढेचा खर्च माझा मी केला.

काम झाल्यावर मायनं चुलीवर भाकरी टाकल्या. भाकरीचा कडक, खरपूस काठ ती कितीतरी वर्षं मोडून माझ्या ताटात टाकायची. "मला न्हाई आवडत," म्हणायची, आणि ते मला खरंच वाटायचं. त्या दिवशीही सवयीनं तिनं काठ मोडला, माझ्या ताटाकडे हात नेला, थांबली आणि स्वतःच्या तोंडात घातला. डाव्या बाजूला कडकड आवाज झाला. मग तिनं दुसऱ्या भाकरीचाही काठ मोडला, आणि मला विचारलंसुद्धा नाही.