सारवलेली खेळपट्टी

आंबागडच्या मैदानावर पाऊल ठेवलं आणि रत्नमालाबाईंचं डोकंच फिरलं. खेळपट्टी सारवली होती. चांगली ताज्या शेणानं, कडेनं रांगोळी, मधोमध रांगोळीचीच बॅट.

"कोणं केलं हे?"

"आमीच केलं, बाई!" विनोद छाती फुगवून पुढं आला. तो बाईंचा जुना विद्यार्थी, आज मुलींच्या स्पर्धेचा आयोजक. "तुमीच त शाळेत सांगत होत्या, सारवल्या खळ्यावर बॉलिंग शिकली म्हून. तुमच्या सत्कारासाठी खास!"

बाईंना हसावं की रडावं कळेना. अरे बाबा, सारवलेलं खळं वाळू द्यावं लागतं! लहानपणी याच गावात धानाची मळणी उरकली की त्या बापाचं रिकामं खळं पुन्हा सारवायच्या आणि ते ठणठणीत वाळेपर्यंत कोंबडीलाही फिरकू द्यायच्या नाहीत. मग त्यावर चेंडू असा वळायचा की थोरला भाऊ जीवन आणि त्याचे दोस्त बघतच राहायचे. ओल्या शेणावर चेंडू टाकायचा म्हणजे चिखलात बटाटा टाकायचा. धान पिकवणाऱ्या गावाला हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण त्यांच्या लेखी ही खेळपट्टी नव्हतीच, सत्काराची जागा होती.

तिथंच तर बाईंचा संताप व्हायचा. जीवनच्या टीमला एक गडी कमी पडला म्हणून घेतलेली ही पोरगी ऑफस्पिन टाकत टाकत विदर्भाच्या संघात गेली. जिल्ह्यातली पहिलीच. रेल्वेच्या डब्यात दाराशी बसून सामन्यांना गेली, एका पांढऱ्या पँटवर तीन मोसम काढले. मग एक दिवस संघातून नाव गेलं. का गेलं, ते कुणी सांगितलंही नाही. पुढची सगळी वर्षं तुमसरच्या शाळेत पी.टी. घेण्यात गेली. पण सत्काराला मात्र लोक बाईंना विसरले नाहीत. शालींनी कपाट भरलं. पत्रकार विचारणार काय, तर घरचे रागवायचे का, साडी नेसून खेळायचात का. चेंडू कसा वळवायचात, हे एका माणसानं विचारलं नाही. शाळेतल्या मुलींच्या सरावासाठी नेट मागून मागून त्या थकल्या. नेट आलं नाही, आणखी एक शाल आली.

आज त्या शालीसाठी आल्याच नव्हत्या. प्रतिक्षासाठी आल्या होत्या. गावातल्या संघपालची ही मुलगी, चौदा वर्षांची. दर रविवारी एसटीनं येऊन बाईंनी तिच्याकडून ऑफस्पिन घोटून घेतली होती. तिची बॉलिंग बघायला निवड समितीच्या कामिनी मॅडम मुद्दाम नागपूरहून आल्या होत्या, पण पुढं गोंदियालाही मुली त्यांची वाट बघत होत्या. यंदा हुकलं की पोरगी पंधरा वर्षांखालच्या संघात बसणार नव्हती.

"विनोद, पहिले मॅच घे. बाजूच्या कोरड्या जागेवर खेळपट्टी आखून टाक."

"बाई, सत्कार झाल्याबिगर मॅच कशी होईन? लोक का म्हणतीन?"

झालं. माईक सुरू झाला. एक पाहुणे बसले की दुसरे उठायचे. एकानं तर बाईंच्या शतकांचं असं रसभरीत वर्णन केलं की खुद्द बाईच थक्क झाल्या. जन्मभर अकराव्या नंबरवर खेळलेल्या बाईला कसलं शतक! तिकडं मंडपाच्या टोकाला प्रतिक्षा हातात चेंडू घेऊन ताटकळली होती. शेवटी कामिनी मॅडमनी पर्स खांद्याला लावली आणि वाकून हळूच म्हणाल्या, "ताई, माफ करा. मला आता निघायला हवं."

बाई उठल्या. भाषण चालू असतानाच उठल्या. अंगावरची शाल टेबलावर टाकली, बसायची खुर्ची उचलली आणि मंडपामागच्या सिमेंटच्या रस्त्यावर नेऊन ठेवली. कुणाच्या तरी हातातली बॅट घेतली, पदर खोचला आणि साठी उलटलेल्या बाई खुर्चीपुढं उभ्या राहिल्या.

"मॅडम, पाच मिनिटं थांबा. प्रतिक्षा, ये इकडं. टाक."

"बाई, तुमाले लागन ना!"

"टाक म्हणतो ना!"

पोरीनं चेंडू टाकला. हळू, सरळ, अगदी बॅटवर आणून ठेवल्यासारखा. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू बी माहा सत्कारच करून राहिली का गं? कोणी तं मले खेळाडू समजा! खरा बॉल टाक!"

आवाज मंडपापर्यंत गेला. माईक थांबला. प्रतिक्षाचे डोळे भरले, पण ती मागं गेली, धावत आली आणि बोटांनी चेंडूला पीळ दिला. चेंडूचा टप्पा खुर्चीच्या बाहेर पडला, तो आत वळला, बॅट आणि पायाच्या मधून गेला आणि खुर्ची खडकन हलली.

कामिनी मॅडमनी पर्स रस्त्यावरच ठेवली. "आणखी टाक, बेटा."

विनोद नारळ आणि टेबलावरची शाल घेऊन धावत आला. "बाई, हे का चालवलं? लोक खोळंबले ना तिकडं!"

बाईंनी खुर्ची सरळ केली आणि पुन्हा बॅट टेकवली.

"बाजूले हो. ओव्हर संपू दे."