स्वरूपा मॅडमची बेरीज

स्वरूपा मॅडम आमच्या खाणगावच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. शेजारच्या वर्गात मी तेलुगू शिकवायचो. त्यांचा आकडा चुकल्याचं गावात कुणी ऐकलं नव्हतं. म्हणून खाणीत उतरणारा पिंजरा तळाला आदळून सहा कामगारांचे पाय मोडले, तेव्हा चौकशीवाल्यांनी पिंजऱ्यातल्या यंत्राची नोंद त्यांच्याकडेच आणली.

नोंदीत वेग नव्हता, सेकंदासेकंदाचं त्वरण, म्हणजे वेगातली वाढ-घट, तेवढं होतं. मॅडमनी समाकलन केलं, म्हणजे प्रत्येक क्षणाचं त्वरण वेळेनं गुणून बेरीज करत नेली. ऐंशीव्या सेकंदाला वेग सेकंदाला दहा मीटर निघाला. परवानगी सहाची. पिंजरा चालवणाऱ्या ओदेलूंना एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याच दिवशी घरी बसवलं.

चाळीस दिवसांनी मॅडम तीच नोंद फळ्यावर शिकवत होत्या. चौकशीवाल्यांना सर्वांत जास्त वेग हवा होता, म्हणून तेव्हा त्या ऐंशीव्या सेकंदालाच थांबल्या होत्या. आज तासाला वेळ उरला म्हणून बेरीज पुढे नेली. पलीकडचा आवाज एकदम बंद झाला. मी डोकावलो, तर त्या फळ्याला टेकून उभ्या.

"सर, हे बघा. पिंजरा आदळून थांबलाय. आणि माझी बेरीज म्हणते, तो अजून सेकंदाला पाच मीटरनं पळतोय!"

"म्हणजे?"

"यंत्रच खोटं बोलत होतं. पिंजरा निघायच्या आधी वर नुसता उभा होता, तेव्हाही शून्याऐवजी शून्य पूर्णांक पाच शतांश दाखवतंय. एवढीशी चूक! पण मी ती दर सेकंदाला मिळवत गेले. ऐंशी सेकंदांत चार मीटर झाली. दहातून चार गेले की सहाच. ओदेलू नियमातच होते. मी... मी त्या माणसाला घालवलं."

वर्ग तसाच सोडून त्या खाणीच्या कचेरीत गेल्या आणि आपली चूक लिहून दिली. पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ब्रेकचा पट्टा झिजलेला सापडला. हे कळताच त्या ओदेलूंच्या घरी निघाल्या. मीही सोबत गेलो.

दारात ओदेलूंची बायको राजव्वा. आत या म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही.

"आता काय राहिलंय मोजायचं, टीचरम्मा?"

मॅडमनी उभ्यानंच सगळं सांगितलं. ओदेलू खाटेवर बसून ऐकत होते. राजव्वा कडाडली, "ऐकलंत? चाळीस दिवस लोकांची तोंडं बघितली मी! तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, मी केलं नाही म्हणून!"

ओदेलूंनी स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"कसं म्हणणार गं? एवढी शिकलेली बाई सांगतेय, कागदावर लिहिलंय. मलाच वाटायला लागलं होतं, ओढला असेल मी वेगाचा दांडा जास्त."

मॅडम उंबऱ्यावरच बसल्या. पुढच्या सोमवारी ओदेलू कामावर रुजू झाले.