तुटलेला स्टड

नट भासऱ्यांच्या हातात आला, आणि नटासोबत स्टडचा अर्धा तुकडा. त्यांनी तो तुकडा बघितला, मग आपला हात बघितला. म्हणाले, "तुटला, अन् मले समजलंच नाही."

तो त्यांनी तोडला नव्हता. आदल्या दिवशी दुपारी मी तोडला होता. हे मी आज पहिल्यांदा बोलते आहे — नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सौंसरला दोघांचं गॅरेज होतं, मागे घर. मी चौथी शिकलेली. घरचं आटोपलं की सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायची. ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. लोधीखेड्याच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं परदेशी बनावटीची जुनी टर्बोची गाडी घेतली होती. इंजिनचा धूर टर्बोकडे नेणारा जो बिडाचा नळ असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो स्टडांवर बसतो — स्टड म्हणजे आट्यांचे दांडे, वरून नट. वर्षानुवर्षं तापून ते नट गंजून धरले होते.

भासऱ्यांनी त्यांवर तेल सोडलं आणि नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, याले हात लावू नको म्हणा. उद्या तापवून काढू." मी चार हातांवर उभी होते. पण आमच्यात सून भासऱ्यांशी बोलत नाही, तेही सुनेशी बोलत नाहीत. मधे कोणीतरी लागतो.

ते गॅसची टाकी आणायला पांढुर्ण्याला गेले, नवरा जेवून झोपला. आणि मी पाना घेतला. का घेतला? मला वाटलं, इतकी वर्षं बघते, मलाही येतं. दुसरं काही कारण नव्हतं. भासरे नट जरा सैल करायचे, जरा परत आवळायचे, पुन्हा सैल — तसं अर्धा अर्धा तास. मी पान्याला पाइप लावला आणि सरळ ओढलं. पहिला नट आला. दुसऱ्याला कट्ट आवाज झाला.

मग मी काय केलं? तुकडा नटासकट त्याच्या भोकात परत बसवला, काळं तेल फासलं. पहिला नट होता तसा लावला. हात धुतले आणि भाकरी टाकल्या.

सकाळी भासऱ्यांनी आच दिली, पाना लावला. नट आपोआप फिरला. मिस्तरीच्या हाताला स्टड तुटायच्या आधी कळतं — जरा मऊ लागतो, तिथं थांबायचं असतं. त्यांना काहीच लागलं नाही. लागणार कसं? व्यापारी तिथंच उभा होता. म्हणाला, "मिस्तरी, आता नातू खेळवा बा. हाताचा भरवसा नाही राहिला तुमच्या." नवरा हसला. भासरे हसले नाहीत.

मी पदर ओढून उभी होते. सगळ्यांना वाटलं, सून रीत पाळून राहिली. रीत होतीच — पण नवऱ्याशी बोलायला कोणती रीत आडवी येत होती? त्या दिवशी? त्या रात्री? त्यानंतरच्या कोणत्याही दिवशी?

इंजिनात उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून नवऱ्यानं तो काढला. दीड तासाचं काम. गाडी गेली. भासऱ्यांनी मात्र पाना ठेवला तो ठेवलाच. नवऱ्यानं पुष्कळ म्हटलं, "दादा, एका स्टडचं काय घेऊन बसला?" ते म्हणायचे, "स्टडचं नाही रे. मले समजलं नाही, त्याचं हाय."

नंतर ते संत्र्याच्या बागेत राखणीला बसायचे. जेवायला आले की गरम पेल्याला एकेक बोट लावून बघायचे, चटका लागतो का ते. लागायचा. हात शेवटपर्यंत चांगला होता. मी समोर ताट ठेवायची, पदर खाली ओढायची आणि आत जायची. नऊ वर्षं.

भासरे गेले. मग व्यापारी गेला, नवराही गेला. त्या सकाळी त्या बोनेटपाशी आम्ही चौघं होतो. आता मीच आहे.