साडूंची जुनी फिल्म

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात जेवढ्या माणसांच्या छातीचे फोटो निघाले असतील, त्यांतल्या निम्म्यांना श्वास रोखून धरायला आमच्या साडूंनी शिकवलं आहे. हे डॉक्टर नाहीत, कंपाउंडर नाहीत. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला सरळ माणूस. पण कुणाला एक्स-रे काढायला सांगितलाय एवढं कानावर पडलं, की पायांत चपला सरकवून हजर. मग पेशंट कुळगावचा असो की पालेगावचा, बोलावणं येण्याची वाट बघणं त्यांना ठाऊक नाही.

मग सुरू होते तयारी. गळ्यातली चेन घरी ठेवा, धातूची बटणं नकोत, केसांतल्या पिना काढा, वेणी छातीवर येऊ देऊ नका, मोबाईल माझ्याकडे द्या. उल्हासनगरच्या एका सिंधी कापडवाल्या शेटजींच्या गळ्यातला ताईत उतरवायला यांनी एवढा आग्रह धरला, की शेटजी शेवटी काकुळतीनं म्हणाले, "साईं, दर्द तो घुटने में है." माझ्या भाचीचं नुकतंच लग्न झालेलं. तिचा पाय मुरगळला, तर भर रिक्षात, सासऱ्यांच्या देखत, दिवस गेलेत का, असतील तर आधी सांगायचं हं, असं यांनी विचारलं. बिचारी पायाचं दुखणं विसरली आणि सासरे बदलापूर येईपर्यंत बाहेर बघत बसले. प्रश्न बरोबरच होता म्हणा, पण माणसानं जागा बघावी की नाही!

या सगळ्यावर त्यांची एक अट असते: जुनी फिल्म बरोबर हवी. नव्या फोटोशेजारी जुना धरला की डाग आधीचा की आत्ताचा, ते डॉक्टरांना कळतं. फिल्म सापडेना म्हटलं, की ते लोकांच्या माळ्यावर स्वतः चढतात. सेंटरवरची मुलगी सांगून दमली, की काका, आता सगळं मोबाईलवर येतं. हे ऐकतील तर शपथ.

त्यामागचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत मात्र कुणी नाही. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, यांची बायको. तरुणपणी तिला टीबी होऊन बरा झाला होता आणि त्याची फिल्म कपाटात होती. एका ग्रहणाच्या दिवशी साडूंनी हौसेनं ती कात्रीनं कापली आणि कॉलनीत तुकडे वाटले. तेव्हा सगळेच फिल्ममधून सूर्य बघायचे; डोळ्यांना ते वाईट, हे कोण सांगणार? पुढे आक्काला खोकला लागला, फोटोत डाग दिसला आणि डॉक्टरांनी जुनी फिल्म मागितली. ती नव्हती. मग टीबीचाच वण असेल, थोडं थांबून पुन्हा फोटो काढू, असं ठरलं. थांबण्यात अख्खा उन्हाळा गेला. डाग नवा होता, कॅन्सरचा. आक्का त्यातच गेली. फिल्म असती तर ती वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या कंबरेच्या एक्स-रेला अर्थातच ते आले. बाहेर बाकावर बसलो असताना मी म्हटलं, अहो, या वयात कशाला दगदग करता, घरी आराम करा की. माझा पट्टा आणि किल्ल्या मांडीवर घेऊन ते पट्टा गुंडाळत बसले.

"फिल्म कापली हे मी सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'जाऊ दे हो, कॉलनीला ग्रहण तर दिसलं,'" ते म्हणाले. "एकदा तरी भांडायला हवं होतं तिनं. मग मला घरी स्वस्थ बसता आलं असतं."