माझ्या गाण्यातली 'हाय'

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये माझा पहिला अल्बम ऐकवला जात होता. साठेक माणसं होती. शेवटचं गाणं संपलं आणि एक समीक्षक माईक घेऊन उभे राहिले. म्हणाले, "प्रत्येक ओळीच्या शेवटी येणारी ही 'हाय' ऐकलीत? हा शतकांच्या वेदनेचा निःश्वास आहे. या लोकांच्या गळ्यात ही हाय जन्मतःच असते."

टाळ्या पडल्या. एका बाईंनी रुमालाने डोळे टिपले.

पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. ती द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये घड साफ करते. त्या दिवशी खाडा करून, भीमजयंतीला नेसते ती पांढरी साडी नेसून आली होती.

आमच्या गावाकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. एवढंच. मी नाशिकला वसतिगृहात शिकत होते तेव्हा बोलायला तोंड उघडलं की मुली हसायच्या. मी आईला फोन करून रडायचे. ती लांबलचक काही सांगायची नाही. "भिऊ नको. मी हाय." बस्स. पुढे देवळाली कॅम्पातून बदलून चाललेल्या एका सुभेदाराची जुनी गिटार मिळाली, तिच्यावर मी पहिलं गाणं बांधलं ते याच शब्दांचं. 'कुणी नसलं तरी मी हाय, सारे गेले तरी मी हाय.' खाली दणदणीत ड्रम्स. रडगाणं नव्हतंच ते. छाती पुढे काढून म्हणायचं गाणं होतं.

आणि त्या हॉलमध्ये मी काय केलं? हात जोडले. "थँक यू सर," म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण म्हणाले.

परतताना बसमध्ये आईने तिकिटं पदराच्या गाठीत बांधली. मग म्हणाली, "त्यो बुवा माझ्या बोलन्याला रडनं म्हनत व्हता ना?"

"हो," मी म्हणाले.

"आन तू त्याला थँक्यू म्हनलीस."

हाय खाणारी बाई नाही माझी आई. वडील गेले त्याच आठवड्यात ती कामावर हजर झाली होती. त्या बाईचा धीराचा शब्द साठ अनोळखी माणसांनी कण्हणं म्हणून ऐकला, आणि ऐकवला कोणी? मीच. रेकॉर्डिंगच्या वेळी स्टुडिओवाल्या सरांनी त्या 'हाय'वर घुमारा लांबवला होता. मी विचारलं होतं, "एवढा कशाला?" ते म्हणाले, "फील येतो." मी मान डोलावली होती. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

मग समीक्षा छापून आली. अस्सल. रांगडी. आदिम हुंकार. तीन वर्षं बसून मी चाली बांधल्या, गिटारवर वाजवायचे तुकडे शंभरदा खोडून पुन्हा लिहिले, त्याबद्दल एक अक्षर नाही. जणू मी काही रचलंच नव्हतं, सगळं आपोआप रक्तातून गळलं होतं. आमच्या वस्तीत मात्र तोच अल्बम पोरींनी नळावर म्हटला. 'हाय' म्हणजे काय असं एकीनेही विचारलं नाही.

स्टुडिओवाल्या सरांचा फोन आला. पुण्यात सलग कार्यक्रम ठरत होते. त्याआधी त्याच हॉलमध्ये त्याच समीक्षकांबरोबर जाहीर मुलाखत. "ते वेदनेचं म्हणाले ना, तेच धरून बोल," सर म्हणाले. "लोकांना तेच भावलंय."

"सर, पण ते 'आहे' आहे."

ते हसले. "अगं, कुणाला कळतंय? चाललाय ना अल्बम?"

मला पुणे हवं होतं. खोटं कशाला बोलू? क्लासमध्ये लहान मुलांना गिटार शिकवून मी कंटाळले होते. मुलाखतीच्या खुर्चीत बसेपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. समीक्षक माझ्याकडे वळले, आवाज मऊ करून म्हणाले, "सांगा, ही हाय नेमकी कुठल्या जखमेतून येते?"

माझं अंग पेटलं.

"जखमेतून नाही सर. व्याकरणातून. 'मी हाय' म्हणजे 'मी आहे'. माझी आई मला धीर द्यायची, तेव्हाचं तिचं वाक्य आहे ते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. समीक्षकांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरून ते म्हणाले, "पण मग गाण्याचा अर्थच बदलतो."

"बदलत नाही. तुम्हाला कळला नव्हता. विचारलंही नाहीत."

पुणे गेलं. सरांनी फोन घेणं बंद केलं. 'कलावंताला स्वतःच्या कलेची खोली कळतेच असं नाही,' असं त्या समीक्षकांनी पुढच्या लेखात लिहिलं. म्हणजे मला माझी आईसुद्धा यांच्याकडून समजून घ्यायची.

आता दुसरा अल्बम लिहितेय. नव्या स्टुडिओने अल्बमसोबत छापायला शब्दार्थांचा कागद मागितलाय. शिवाय दोन गाणी 'शुद्ध' करून द्या म्हणतात. कागद देणार नाही. एक अक्षर बदलणार नाही. कळलं नाही तर विचारा, दहा वेळा सांगेन. पण न विचारता माझ्या माणसांच्या तोंडी रडणं घालाल, तर तुमच्याच माईकवर, तुमच्याच लोकांसमोर ते खोडून काढीन. मग अल्बम पडला तरी चालेल.