देशाबाहेर न्यायला मनाई

अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी अमेरिकेत, एका कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कूटलेखनाची सेवा लिहीत होते. कूटलेखन म्हणजे मजकुराला कुलूप घालणं. आम्ही दोन तऱ्हेची कुलपं करायचो. अमेरिकेत विकायच्या प्रतीत मजबूत आणि परदेशी पाठवायच्या प्रतीत मुद्दाम कच्चं ठेवलेलं, कारण मजबूत कुलूप परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं तिथं गुन्हा होता. बाहेरच्या कुणी आमच्या सिस्टिमला आपलं मजबूत कुलूप जोडू नये म्हणून प्रत्येक भागावर कंपनीची सही तपासली जायची. ही तपासणी माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. मी भारतीय, त्यामुळं मला ते काम देण्यासाठीसुद्धा कंपनीला परवाना काढावा लागला होता.

मी साहेबांना म्हटलं, "सहा महिने कोल्हापुरातून काम करते."

त्यांनी कंपनीच्या वकिलाला विचारलं आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आले. "कोड नेता येणार नाही, आराखडाही नाही. तिथून फोनवर त्याबद्दल बोललीस तरी ती निर्यातच धरतात." तीन आठवड्यांची रजा मात्र त्यांनी लगेच दिली.

मंगळवार पेठेतलं अप्पांचं कापडदुकान बंद होतं. थोरली बहीण अक्का जयसिंगपूरहून रोज एसटीनं यायची आणि संध्याकाळी सासरी परतायची. मी अप्पांना आंबील भरवायची, उजव्या हाताला तेल चोळायची. याच हातानं ते कापडाला कात्रीची नुसती टोच मारून टर्रकन सरळ फाडायचे. आता बोटं उघडून ठेवली तरी आपोआप मिटायची.

एका दुपारी त्यांनी शब्द जुळवत विचारलं, "तुझं काम हितं बसून हुईत न्हाय व्हय?"

"न्हाय, अप्पा. ते भाईर आणायला बंदी हाय."

"असं काय करतीयास तिथं? बाँब?"

"कुलपं."

ते अर्ध्या तोंडानं हसले. "कुलपाला कसली बंदी?"

"कुलपं हितंबी मिळत्यात की," अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. ती हसत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. चाचणीत माझी तपासणी अडकली होती. "फक्त एकच विचारतो," म्हणाले आणि थांबले. "नको. राहू दे. वडील कसे आहेत?" तपासणी कुठं अडकली असणार, ते मला ठाऊक होतं. तोंडाशी आलेलं मी गिळलं.

निघताना अप्पांनी विचारलं, "कवा येणार?"

"दिवाळीला."

दसऱ्याआधीच ते गेले. अक्काचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. आमच्यात पुरतात, माझ्यासाठी थांबणं शक्य नव्हतं. माती त्याच दिवशी झाली.

पुढं दोन हजार साल उजाडलं आणि नियम सैल झाले. साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "आता तू भारतातूनसुद्धा..."

मी अक्काला फोन केला. "आता चालतंय म्हणं."

ती म्हणाली, "मग तवा चाललं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

मी कायद्याबद्दल बोलत राहिले. खरं ते बोलले नाही. काम बाहेर न्यायला कायद्यानं मनाई होती. नोकरी सोडून घरी जायला मला कुणी अडवलं नव्हतं. ती सोडली असती तर असं काम पुन्हा मिळालं नसतं, ही भीती होती. आणि ते मला मनापासून आवडायचं. अप्पांच्या हाताला तेल चोळतानासुद्धा डोक्यात ती अडकलेली तपासणी चालू असायची.

अक्का म्हणाली, "ठेवते गं. दूध उतू चाललंय."