मामांच्या हातातला डबा

चौऱ्याहत्तर साली थोरल्या मुलाचं वऱ्हाड आम्ही शिरूरहून वरवंडला एका जुन्या ट्रकमधून नेत होतो. न्हावऱ्याच्या पुढे ट्रक बंद पडला. मुहूर्त साडेबाराचा होता आणि अकरा वाजून गेले होते.

सायकलला पान्ह्यांची पिशवी अडकवून चाललेला एक मिस्त्री आपणहून थांबला. तो इंजिनाजवळचा डिझेल चढवायचा छोटा हातपंप मारी तोवर इंजिन चाले, हात थांबला की बंद पडे. दुसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा तो समाधानाने हसला.

"इंजिन ब्येस हाय. टाकीतनं डिझेल वढणारा पंप दमलाय."

"मग आता?" मी घड्याळ पाहत विचारलं.

"त्याला वढाया लावायचंच न्हाई. वरनं सोडू."

त्याने टाकीतलं डिझेल एका डब्यात काढून तो केबिनच्या टपावर ठेवला आणि त्यातून नळी इंजिनापर्यंत आणली. इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. नवरदेव पुढे केबिनमध्ये बसला होता. आता डबा धरायला त्याच्या मागे, ट्रकच्या हौद्यात, कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

"नवरदेवाचं मामा कोन?" त्याने विचारलं. माझे मेहुणे पुढे झाले.

"मामा, मंडपात भाच्यामागं हुबं ऱ्हायाचंच हाय. आत्तापास्नंच ऱ्हावा की!"

सगळं वऱ्हाड हसलं. मी त्याला जेवायला चला म्हटलं, तर "आधी पंप बदला," म्हणून तो सायकलवर बसलासुद्धा. नाव विचारायचं राहून गेलं.

मुहूर्त गाठला. लग्नाच्या फोटोत मुलामागे मामा ताठ उभे आहेत आणि त्यांच्या नव्या सदऱ्यावर डिझेलचा मोठा डाग आहे. फोटोत त्या मिस्त्रीचं तेवढंच आहे.